उपवासकाळातली पैठणी

माझा स्वभाव संशयी आहे, हे कुणी सांगायच्या आधी मीच सांगून टाकते. दूधवाला दोन दिवस लागोपाठ हसला की तिसऱ्या दिवशी मी दुधात बोट बुडवून बघते. बागलाणातली माणसं मोकळ्या मनाची असतात म्हणे. असतील बापडी! मी सटाण्याची असूनही ऑफिसातल्या पाण्याच्या बाटलीवर पेनानं रेघ मारून ठेवणारी. नाशिक रोडला सिस्टर लोकांचं नोकरदार बायकांसाठी वसतिगृह आहे. तिथं मी इतकी वर्षं काढली, की नव्या पोरी मलाच वॉर्डन समजून रजेचा अर्ज आणून द्यायच्या. लग्न केलं नाही. का नाही, त्याचं उत्तर वर आलंच आहे.

त्या घरात माझं खरं जमलं ते एकाच माणसाशी. चॅपेल सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या सिस्टरांशी. ऐंशीच्या घरातल्या, नगरकडच्या, बोलणं अजून शेतातलंच. गुडघे गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू, पण डोकं? माय वं! परवा कुणाची चप्पल कुणाच्या दाराशी होती ते आज जेवताना सांगतील. वाचता येत नसे म्हणून संध्याकाळी मी त्यांना पुस्तकं वाचून सांगायचे. आधीच्या मदर, म्हणजे घराच्या मुख्य सिस्टर, बदलून गेल्या तेव्हा इंग्रजी पुस्तकांचं एक खोकं मागं राहिलं होतं. त्यात एका रहस्यकथांच्या मालिकेचे बरेच भाग होते. त्यातली डिटेक्टिव्ह कोण, तर एक म्हातारी नन. परदेशातलं टुमदार गाव, फुलझाडं, केक, मांजर, आणि दर पुस्तकात एक खून. मी दुपारी पुढचं वाचून ठेवायचे आणि संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर आमच्या सिस्टरांना मराठीत सांगायचे.

त्यांना त्या ननचा भारी राग. "या बाईला कॉन्व्हेंटात काय काम नाय का गं? सारखी गावभर हिंडती." कधी म्हणायच्या, "आन् त्या गावात मानसं उरली तरी किती?" पण गोष्ट अर्धी सोडली तर जेवायला उठायच्या नाहीत. एकच गोष्ट त्यांना मनापासून पटायची नाही. पुस्तकातली नन शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात जमवायची, चहा द्यायची आणि मग बोट दाखवून सांगायची, चोर हा. मला तोच भाग आवडायचा. सिस्टर म्हणायच्या, "समद्यांसमोर कशापायी? त्याला बाजूला घ्यावं की." मी म्हणायचे, "सिस्टर, मग वाचणाऱ्याला मजा काय?" त्यावर त्या नुसत्या हं म्हणायच्या.

त्या वर्षी ईस्टर जवळ आला असताना आमच्याच घरात चोरी झाली.

माझ्या खोलीत एक येवल्याकडची मुलगी राहायची. सातपूरच्या कंपनीत नोकरी, वैशाखात लग्न. आम्ही सगळ्या तिला नवरीच म्हणायचो. तिच्या वडिलांनी ओळखीच्या विणकराला सांगून खास पैठणी विणून घेतली होती, पदरावर मोर. फॉल-पिकोला ती इथंच नाशिक रोडला टाकली होती. दुकानाच्या माणसानं साडी तयार करून फाटकाशी आणून दिली. त्या वेळी नवरी कामावर. साडी घेतली स्वयंपाकघरातल्या मावशींनी. इस्त्रीच्या खोलीतल्या टेबलावर ठेवली, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी वडिलांचा फोन आला, साडी कशी झालीय? चार जणींच्या देखत नवरी म्हणाली, "अजून मिळाली नाही, पप्पा." दुकानाला फोन केला तर ते म्हणाले, दिली की! मग इस्त्रीच्या खोलीत धावाधाव. टेबल रिकामं.

आता या मावशी कोण ते सांगते. पेठकडच्या एका पाड्यावरच्या, ख्रिस्ती. नवरा दर वर्षी द्राक्षबागेत मजुरीला यायचा, तिथंच आजारी पडून गेला. मावशी कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात लागल्या म्हणून त्यांच्या मुलीला बोर्डिंगात जागा मिळाली होती. पोरगी सातवीत, गणितात हुशार. आईची नोकरी गेली की मुलीची जागा गेली, आणि मग ती पोर पुढच्या हंगामात कात्री घेऊन बागेत. याला काही तर्क लागत नाही, त्यांच्या पाड्यावरच्या सगळ्या पोरींचं तेच झालं होतं.

मदर वाईट नव्हत्या. पण वसतिगृहाचं नाव खराब होईल म्हणून घाबरल्या होत्या. पोलीस नकोत म्हणाल्या. सगळ्या खोल्या, सगळी कपाटं उघडून पाहिली. मी त्या नवरीच्याच खोलीतली, म्हणून माझं कपाट दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा मी असा आवाज चढवला की खालचा वॉचमन वर आला. मावशींची पिशवी तर जेवणघरात सगळ्यांसमोर रिकामी केली. दोन लुगडी, एक कंगवा, मुलीचा फोटो. मावशी एकच वाक्य बोलत राहिल्या, "म्या नाय घेतली हो. टेबलावर ठेवली तशी हात बी नाय लावला." मदरनी शेवटी सांगितलं, ईस्टरपर्यंत साडी सापडली तर ठीक, नाहीतर सोमवारी मायलेकींनी गावी जावं.

ते दिवस कसे गेले काय सांगू! पोरी अंघोळीला जाताना कपाटाला कुलूप लावायला लागल्या. जेवताना कुणी उठलं की बाकीच्यांच्या माना वळायच्या. माझ्या संशयाला तर ऊतच आला होता. शेजारच्या खोलीतली एक म्हणाली होती, "इतकी जड साडी हिच्या अंगावर शोभायची नाही." झालं, मी तिच्यावर पाळत ठेवली. दोन दिवसांनी कळलं, ती गुपचूप जाते ती गच्चीवर, होणाऱ्या नवऱ्याशी बोलायला. मग वॉचमन. मग फॉलवाला. एकदा तर मदरांच्या कपाटाकडेही माझी नजर गेली. खोटं कशाला बोलू, मला त्या सगळ्यांत थोडी मजाही वाटत होती. पण मावशींची पोरगी शाळेतून येऊन स्वयंपाकघराच्या पायरीवर दप्तर न उघडता बसायची, ते पाहिलं की मी तिथून पाय काढता घ्यायचे.

मी सिस्टरांना म्हटलं, "तुमची ती पुस्तकातली बाई असती तर एव्हाना चोर धरला असता."

"तिच्या गावात भांडी घासायला कुनी नसतंय," सिस्टर म्हणाल्या. "हितं पहिला घास तिचाच."

आमच्या चॅपेलमध्ये एक मोठी मारियामाता आहे, माणसाएवढी. नाशिकची बरीच हिंदू माणसंही तिला नवस बोलतात. सप्टेंबरात मातेचा सण आला की नवसाच्या साड्या येतात, इस्त्रीच्या खोलीतल्या त्याच टेबलावर त्या ठेवतात, आणि आमच्या सिस्टर मातेला एकेक नेसवतात. पुढं त्या साड्या गरिबाघरच्या लग्नांना जातात. पण ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात हे काही नसतं. उलट ईस्टरच्या आधीचे पंधरा दिवस सगळ्या मूर्ती जांभळ्या कापडानं डोक्यापासून पायापर्यंत झाकून टाकतात. शनिवारच्या रात्रीच्या मिस्सापर्यंत, म्हणजे मोठ्या प्रार्थनेपर्यंत, त्या कापडाला कुणी हात लावायचा नाही. शोधाशोधीत गॅसच्या शेगडीखाली, पाण्याच्या टाकीत, कोंबड्यांच्या खुराड्यात सुद्धा पाहिलं. मातेकडे मात्र कुणाचं लक्षच गेलं नाही.

पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी मी ऑफिसला निघाले होते, तर सिस्टरांनी चॅपेलच्या दारातून हाक मारली. "हिकडं ये. झाडूला काय लागतंय बघ." मातेच्या पायाशी, जांभळ्या कापडाच्या कडेला मुंग्यांची रांग लागली होती. मी वाकून पाहिलं.

"तांदूळ आहेत," मी म्हटलं. आणि माझ्या मनात लगेच आलं, तांदूळ म्हणजे स्वयंपाकघर. आता मावशींचं काही खरं नाही.

"कुठल्या रंगाचे?"

मी चार दाणे हातावर घेतले. कुंकवानं लाल केलेले होते. अक्षता.

"मावशी खिस्ती हाय, तिच्याकडं कुंकू कुठलं?" सिस्टर म्हणाल्या. "अक्षता कुनाकडं हायेत या घरात?"

अक्षता माझ्याच खोलीत होत्या! नवरी ऑफिसात लग्नपत्रिका वाटत होती, प्रत्येक पत्रिकेबरोबर चिमूटभर अक्षता द्यायच्या म्हणून तिच्या खणात भरलेली पुडी होती. माझ्या उशीखालीसुद्धा दोन दाणे सापडले होते. साऱ्या जगावर संशय घेतला आणि शेजारच्या कॉटवर झोपणारी तेवढी सोडली. डोळे असून आंधळी म्हणतात ती मीच.

सिस्टरांनी कापड उचललं नाही. गुडघ्यांवर बसल्या, हाय हाय करत, आणि कडेखालून नुसता हात आत सरकवला. बराच वेळ बोटं फिरवली. "रेशीम हाय," म्हणाल्या. "जर हाय. हा मोर." मग आत नारळ असल्याचंही त्यांच्या हाताला कळलं. कुणीतरी मातेला पैठणी नेसवून तिची ओटी भरली होती, आणि वरून जांभळं कापड पुन्हा होतं तसं सारखं केलं होतं.

मी तर उडालेच. "सिस्टर, उद्या सुट्टी आहे. सगळ्यांना जेवणघरात बोलवू. चहा ठेवू. आणि तुम्ही एकेक करून सांगा!"

"उद्या गुड फ्रायडे हाय. चहा नाय का काय नाय," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी तिला गच्चीवर घिऊन ये. आन् तोंड बंद ठिव."

संध्याकाळी गच्चीवर वेदीची पांढरी कापडं वाळत होती. नवरी वर आली, आम्हा दोघींना पाहिलं आणि तिथंच तिचा चेहरा उतरला. सिस्टर ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मातेला साडी लय चांगली दिलीस. मागितलंस काय तिला?"

पोरगी धाय मोकलून रडली. तिला ते लग्न नको होतं. मुलगा वाईट नव्हता, पण सासरच्यांनी नोकरी सोडायची अट घातली होती, आणि वडिलांनी तिला न विचारता होकार दिला होता. वडिलांना छातीचं दुखणं. त्यांना नाही म्हणायची छाती हिला नाही. कुणीतरी सांगितलं, इथली माता नवसाला पावते. आधी ओटी भरली तर लवकर पावेल, आणि जवळ जे सगळ्यात मोलाचं आहे ते द्यावं, असं तिचं तिनंच ठरवलं. उपवासकाळ, झाकलेली मूर्ती, यातलं तिला ठाऊकच नव्हतं. माता पडद्यात आहे म्हणजे काही सोवळं असेल असं तिला वाटलं. कामावरून आली तेव्हा इस्त्रीच्या टेबलावर साडी दिसली, चॅपेल रिकामं होतं, तिनं तेवढ्यात उरकून घेतलं. मग वडिलांचा फोन आला, तोंडातून "मिळाली नाही" निघून गेलं, आणि पुढं सगळं हाताबाहेर गेलं.

"मावशींची पिशवी उलटी करत होते तेव्हा तू कुठं होतीस?" मी विचारलं. माझा आवाज मलाच कडू लागला.

"तिथंच होते, ताई," ती म्हणाली. "पायच हलेनात."

मदरांना खरं सांगावं, तर गोष्ट वडिलांपर्यंत जाणार. वडिलांनी हौसेनं विणून घेतलेली साडी पोरीनं लग्न मोडावं म्हणून देवाला दिली, हे त्यांना कसं सोसणार? ती सिस्टरांच्या पायाशी बसली. सिस्टरांनी कठड्याला टेकून वाळलेलं एक कापड ओढून घेतलं आणि त्याची घडी घातली.

"साडीचं मी बघते," शेवटी म्हणाल्या. "बापाला तू सांगायचं. लग्न नको म्हनून. मातेनं सांगायचं का त्याला? तुझं तोंड हाय ना? दे वचन." तिनं हातावर हात ठेवला.

शुक्रवारी तीनची उपासना झाली, सगळ्या जेवणघरात कोरड्या जेवणाला बसल्या होत्या. सिस्टर टेबलाला धरून उभ्या राहिल्या. "मदर, ती साडी मातेच्या अंगावर हाय. मीच नेसवली. टेबलावर दिसली, मला वाटलं नवसाची. आज ध्यानात आलं."

एखादं भांडं पडावं तशा सगळ्या दचकल्या. मदर चॅपेलमध्ये गेल्या, कापड बाजूला केलं, आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात पैठणी होती. मला वाटलं आता रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या सिस्टरांच्या शेजारी बसल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि लहान मुलाशी बोलावं तसं हळूच विचारलं, "सिस्टर, आपला उपवासकाळ चाललाय ना? मूर्ती झाकल्यात ना? आणि ओटी, नारळ, अक्षता?"

"हो का?" सिस्टर म्हणाल्या. "लहानपनी शेजारच्या बाया करायच्या. तसंच केलं वाटतं."

साठ वर्षं जिनं चॅपेल सांभाळलं तिला उपवासकाळ आठवू नये! सगळ्यांना कळून चुकलं, म्हातारीचं डोकं गेलं. कुणीतरी च्‌ च्‌ केलं. नवरी ताटात बघत होती. मी तोंड उघडलं तर टेबलाखालून सिस्टरांनी माझ्या हाताला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. मदरनी सगळ्यांसमोर मावशींची माफी मागितली, तेवढं मात्र त्यांनी मनापासून केलं. मावशी पदर तोंडाला लावून रडल्या. त्यांच्या पोरीनं त्या दिवशी पायरीवर बसून अभ्यास केला.

ईस्टर झाला आणि चॅपेलच्या किल्ल्या सिस्टरांकडून काढून घेतल्या. मेणबत्त्या, काडेपेट्या, आग लागायची भीती, असं कारण दिलं. पुढच्याच आठवड्यात त्यांना शहराबाहेर, म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरी पाठवलं. गाडीत बसताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, चॅपेलच्या दाराकडे पाहिलं.

वैशाखात मी येवल्याला लग्नाला गेले. कशाला गेले? खात्री करायला. पत्रिकेतली तारीख बदलली नव्हती, तरी मला वाटत होतं काहीतरी होईल. मांडवात नवरी उभी होती, तीच पैठणी नेसून. वडील हसत पाहुण्यांना पुढं या, पुढं या करत होते. तिनं त्यांना एक शब्द सांगितला नव्हता. माझ्याशी नजरानजर झाली आणि तिनं मान खाली घातली. मी न जेवताच निघाले, एसटीत खिडकीला डोकं टेकून रागानं रडले.

तशीच सिस्टरांकडे गेले. सगळं सांगितलं. म्हटलं, "बघा! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच."

त्या हसल्या. "मंग संन्याशी असतो कशाला?"

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, आता तरी मी मदरांना खरं सांगते, लग्न झालं, आता कुणाचं काय बिघडणार? त्या एकदम गंभीर झाल्या. "मदर मधे येऊन गेली. मला विचारत हुती, सिस्टर, खरंच तुम्हीच का? तिला शंका हाय. मी शानी दिसले की ती म्हनंल, मग साडी नेली कुनी? पयला हात पुन्हा मावशीवर. पोरगी धावी हुईस्तवर मला विसरायलाच पायजे. तू काय बोलायचं नाय." मला शपथ घातली. मी कुणाचं ऐकणारी नव्हे, पण त्यांचं ऐकलं.

मग आमचा एक खेळच सुरू झाला. मी महिन्यातल्या एका रविवारी जायचे. देखरेखीची सिस्टर जवळ असली की त्या मला विचारायच्या, "तू कोन गं? कुठली?" कधी मला मदर म्हणायच्या, कधी मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायच्या. ती बाई कीव करत निघून गेली की माझ्या हाताला चिमटा, आणि, "हं, सांग. पोरीला किती मार्क पडले?" मी सांगायचे. आठवी झाली, नववी झाली. गणितात पहिली. मावशींनी पोरीच्या हातचे लाडू पाठवले होते, ते सिस्टरांनी त्या बाईच्या देखत ओळखले नाहीत आणि पाठीमागं सगळे खाल्ले. आम्ही दोघी तोंड दाबून हसायचो. असं नाटक पुस्तकातल्या त्या ननला सात जन्मांत जमलं नसतं, असं मी त्यांना म्हणायचे.

परवा दहावीचा निकाल लागला. पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली. मी पेढे घेऊन धावतच गेले. सिस्टर खिडकीशी बसल्या होत्या. देखरेखीची बाई शेजारी चादर बदलत होती. "तू कुठली गं?" सिस्टरांनी विचारलं. मी नेहमीसारखं सांगितलं. बाई चादरी घेऊन बाहेर गेली, दार लागलं. मी खुर्ची जवळ ओढली आणि हात पुढं केला. म्हटलं, "सिस्टर, सुटलात! पोरगी पास झाली. आता खुशाल शहाण्या व्हा."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे. मी त्यांचे डोळे नीट पाहिले, ओठ पाहिले, कुठं हसू दाबलंय का ते पाहिलं. मला वाटलं बाई दाराआड उभी असेल, म्हणून उठून दार उघडून बघून आले. कुणी नव्हतं. परत येऊन बसले आणि पुन्हा हात पुढं केला.

"तू कुठली गं?" त्या म्हणाल्या.

"सटाण्याची, सिस्टर," मी म्हटलं.